आवाजी मतदानावर विश्वास नसलेले शेजारी

देशाच्या संसदेवर आमच्या कर्वेनगरातल्या समोरच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांइतका संशय विरोधी पक्षानंसुद्धा कधी घेतला नसेल. घरोघरी केबल आली तेव्हा लोकांनी सिनेमे पाहिले. ह्यांनी लोकसभा पाहिली, तीही कपाळाला आठ्या घालून. अर्थसंकल्पाच्या भाषणात मंत्र्यांनी शेर म्हटला की हे सदऱ्याचा खिसा घट्ट धरायचे. "शेर आला! आता काहीतरी महागणार." भाषणाला ते जाहिरात म्हणत. "खरा खर्च पुढे, खात्यांच्या मागण्यांत असतो हो. त्यावर बोलायला ह्यांना वेळ नाही. मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर! शेवटच्या पंगतीला वाढपी घाईघाईनं सगळं ओतून मोकळे होतात ना, तसं." आवाजी मतदानाचा तर त्यांना भयंकर राग. जो जोरात ओरडेल तो जिंकला, हे काय राज्य झालं? आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा ठराव 'सर्वानुमते मंजूर' होऊन लोक वेफर्सकडे वळले, तोच हे उभे राहिले. "मतविभाजन! हात वर करा." मोजणी झाली. विरोधात एकच हात, ह्यांचा. "गळती थांबावी असं मलाही वाटतं," ते म्हणाले, "पण एकमत दिसलं की मला झोप येत नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी हिंजवडीला नोकरीला. कंपनी दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवतेय, असं तिनं जेवताना सांगितलं, तर हे म्हणाले, "रीतसर विधेयक मांड." पहिल्या वाचनाला नुसतं मांडायचं, दुसऱ्याला एकेका कलमाचा कीस, तिसऱ्याला मत. मला प्रेक्षक म्हणून बोलावलं आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली.

"विमानाचं भाडं कंपनी का देते? फुकट कोण काय देतं?"

"बाबा, हा प्रश्न राहण्याच्या कलमात येत नाही. बसा."

आणि हो, ते बसले! चेहऱ्यावर असा आनंद, जणू पोरगी बोर्डात पहिली आली. शेवटी 'दोन वर्षांनी परत येईन' ह्या कलमात त्यांनी 'नक्की' हा शब्द घालायची दुरुस्ती सुचवली. मुलीनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "ही दुरुस्ती मला मान्य नाही, बाबा." मतदान झालं. तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, पदरानं डोळे पुसत मुलीच्या बाजूनं हात वर केला. "दुरुस्ती नामंजूर, विधेयक मंजूर," म्हणून हे हात धुवायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. परवा मी तिथेच होतो. ह्यांनी तिला डॉलर, बँका, तिकडची थंडी, सगळ्यांवरचे संशय ऐकवले. फोन ठेवला आणि म्हणाले, "काहीतरी लपवतेय. सगळ्याला 'हो बाबा, बरोबर बाबा'. पूर्वी एक वाक्य पुरं करू द्यायची नाही!"

"अहो, लपवतेय कसलं," काकू म्हणाल्या. "तुमचं वय झालं, लांबून कशाला वाद घालायचा, असं वाटतं तिला."

हे बिनसाखरेचा चहा ढवळत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इतका म्हातारा दिसतो का हो मी?"

 "छे हो, काहीतरीच!" मी म्हणालो, पण जरा जास्तच घाईनं म्हणालो, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.