किरकोळ तडे

‘किरकोळ’ या शब्दावर आमचं घर चाललं. अब्बांचं दुकानच किरकोळ मालाचं होतं: बटणं, सुया, नाड्या, केसांच्या पिना. त्यांच्या लेखी या शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्याला एकच बटण हवंय त्याला एकच द्यायचं, आणि तेही नीट पुडीत बांधून. त्यामुळे तोच शब्द साहेबांनी आमच्या भिंतीला लावला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

गावाला लागून चुनखडीची खाण आहे. दुपारी भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो. भोंगा ऐकला की गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून मांडणीवरची भांडी खाली उतरवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

अर्धांगवायू झाल्यापासून अब्बांची खाट मागच्या खोलीत भिंतीला लागून आहे. खोली एवढीशी, की खाट दुसरीकडे मावतच नाही. त्या भिंतीला छतापासून अब्बांच्या उशापर्यंत तडा गेलाय. खाण खात्याच्या कचेरीत खेटे घालून घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे चंद्रपूरहून साहेब पाहणीला आले. अब्बांच्या खाटेसमोर खुर्ची टाकून दिली. त्यांनी चहा घेता घेता मान वर करून पाहिलं.

“किरकोळ तडे आहेत,” ते म्हणाले. “घाबरण्यासारखं काही नाही.”

अहो, बोट जातं त्यात. आणि किरकोळ की भारी, हे ठरवणार कोण? ज्याला संध्याकाळी गाडीत बसून आपल्या घरी जायचंय तो? मी तोंड उघडणार तेवढ्यात भोंगा वाजला. अम्मीने सवयीने साहेबांच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि खाली ठेवली.

“बाहेर व्हा साहेब,” ती म्हणाली. “आता सुरुंग उडवतीन.”

साहेब लगबगीने अंगणात गेले. त्यांच्यामागे मी दारापर्यंत आलो आणि वळून पाहिलं. अब्बांना उठता येत नाही. अम्मी रोजच्यासारखी खाटेवर चढली आणि अब्बा आणि भिंत यांच्या मधे, भिंतीला पाठ लावून बसली. एवढ्याशा बाईच्या पाठीने भिंत थांबणार होती थोडीच.

जमीन हादरली. तिच्या ओढणीवर पोपडे पडले.

“आत काही झालं नाही ना?” साहेबांनी अंगणातूनच विचारलं.

अब्बांची जीभ जड झालीय, बोलायला वेळ लागतो.

“नाई साहेब,” ते म्हणाले. “किरकोळ.”