दोन्ही बटणांवर एकच नाव

मी पदवीधर झालो तो किन्हवलीच्या शाळेतल्या माझ्या गुरुजींमुळे. इतिहास आणि नागरिकशास्त्र ते शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजात नाव कसं घालतात हे वडिलांना ठाऊक नव्हतं, म्हणून गुरुजी एसटीने माझ्याबरोबर शहापूरला आले आणि माझ्या मागे रांगेत उभे राहिले. वर्गाचा मॉनिटर ते कधी नेमत नसत. व्हरांड्यात दोन उमेदवारांचे दोन डबे ठेवायचे, प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचे आणि एकेकाला सोडायचे. "कुणाला दिलंस ते आयशीलापण सांगायचं नाय," असं आमच्याच बोलीत बजावायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट.

पुढे धसईच्या बाजूच्या एका हायस्कुलात मी शिक्षणसेवक म्हणून लागलो. काही वर्षं मानधनावर काढायची, मग हेडमास्तरांचा अहवाल चांगला गेला तर कायम. त्या सुमारास शाळेला संगणक मिळाले. खोलीला कुलूप आणि संगणकांवर फुलाफुलांची झाकणं. त्यांतल्या एकालाच टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट होतं, तेही वीज असेल तेव्हा. मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून मी एक फुकट साइट शोधली होती. तिच्यावर प्रश्न लिहायचा, खाली पर्याय द्यायचे, मुलांनी एकेक करून बटण दाबायचं. कुणी काय दाबलं ते कळत नसे, नुसत्या पट्ट्या वाढत जात. मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे, म्हणून नावं इंग्रजी लिपीत घातली.

सरावासाठी विचारलं, सहल माहुलीला न्यायची की नाणेघाटात? माहुली जिंकली. मुलं पट्ट्यांकडे बघत राहिली. तेवढ्यात डोंगरातल्या पाड्यावरून चालत येणारी नववीतली एक मुलगी उठली. "सर, जे हरले त्यांनीपण माहुलीलाच जायचं का?" जायचं, मी म्हटलं. "मग त्यांचं कोण आयकणार?" त्या दिवशी धड्याचं पुस्तक मी उघडलंच नाही. घंटा झाली तरी मुलं भांडत होती.

म्हणून मी ठरवलं, शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक याच साइटवर घ्यायची. मुख्यमंत्रिपदासाठी दोन नावं आली. एक त्या मुलीचं, दुसरं संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं. पोरगा तसा वाईट नव्हता. मधल्या सुट्टीत दोघं एकमेकांच्या मुद्द्यांची टर उडवायची. ती पाण्याच्या टाकीबद्दल बोलायची, हा क्रिकेटच्या किटबद्दल.

हेडमास्तरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना बोलावलं. मग अध्यक्षही येणार असं ठरलं आणि सगळं नासलं. हेडमास्तरांनी मला आत घेऊन दार लोटलं. आवाजात साखर होती. "सर, आपल्या गावची पंचायत आजवर बिनविरोध झाली. वेशीवर फलक आहे त्याचा. तुम्ही शाळेत भांडणं लावता काय?" मी म्हणालो, निवडणूक शिकवायची तर दोन उमेदवार लागतात. ते हसले आणि माझ्या अहवालाची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गाबाहेर थांबली होती.

"सर, माझं नाव काढा."

"का गो?"

"बा अध्यक्षांच्या गिरणीवर कामाला आहे. त्याला सांगितलंय, पोरीला समजाव."

मी पुन्हा हेडमास्तरांकडे गेलो. नाव काढणार नाही म्हणालो. त्यांनी संगणकाच्या सरांना हाक मारली आणि काम त्यांना दिलं. थोड्या वेळाने ते सर घाम पुसत आले. साइट एक नाव घेतच नव्हती. निदान दोन पर्याय द्या, असं सारखं सांगत होती. हेडमास्तर म्हणाले, "मग त्याचंच दोनदा टाका."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती.

कार्यक्रमाला जनरेटर आणला होता. पडद्यावर अध्यक्षांच्या पुतण्याचं नाव, त्याच्याखाली पुन्हा तेच नाव. साहेबांनी वाचलं असणारच. डोळे होते त्यांना. मुलं रांगेने आली. सहावीतला एक पोरगा माउस धरून थबकला. "सर, दोनी तोच हाय. कंचा दाबू?" मागे खसखस पिकली. हेडमास्तर म्हणाले, "कंचापण दाब रे, लवकर." पुतण्या खाली मान घालून बसला होता. पट्ट्या वाढत गेल्या. त्याच्याच नावाची वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा थोडी लांब झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लोकशाही आता खेड्यापाड्यांत पोचली, असं भाषण केलं. अध्यक्षांनी त्या मुलीला मुद्दाम पुढे बोलावलं, समजूतदारपणाबद्दल तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याच हाताने सगळ्यांना पेढे वाटायला लावले.

तिच्या डोक्यावरचा अध्यक्षांचा तो हात बघून मला शिसारी आली. मोठ्या माणसांनी भरलेली ती सगळी खोली मला ओंगळ वाटली: इस्त्रीचे शर्ट, अत्तर, पेढे चघळणारी तोंडं. माझ्या हातात तिने पेढा ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तो बाहेर जाऊन कुंपणापलीकडे फेकला, पण हात किती धुतला तरी त्याचा तुपकट वास जाईना.

घरी आल्यावर गुरुजींना लिहिलं ते पत्र असं:

"आदरणीय गुरुजी, साष्टांग नमस्कार. शाळेत काय झालं ते तुमच्या कानावर येईलच. अर्धवट येण्याआधी मीच कळवतो. निवडणुकीच्या नावाखाली आज मुलांना एकाच मुलाचं, अध्यक्षांच्या पुतण्याचं, नाव दोनदा दाखवलं आणि त्यातलं निवडा म्हणून सांगितलं. मुलं हसली, मोठी माणसं हसली नाहीत. ते मतदान मी मानत नाही, असं हेडमास्तरांना लेखी दिलं आहे. सोमवारी माझ्या तासाला पुन्हा घेणार आहे. संगणकाच्या खोलीची किल्ली देणार नाहीत असं दिसतं. नाही दिली तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर घेईन. कायम होणं आता कठीण आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. अध्यक्षांचा पुतण्या संध्याकाळी एकटाच माझ्याकडे आला होता, पुन्हा उभा राहतो म्हणाला. जिचं नाव काढायला लावलं ती मुलगी नको म्हणते. तिच्या वडिलांचं काम जाईल, त्यामुळे मला आग्रह करता येत नाही, आणि तुम्हीही करू नये अशी विनंती आहे. दुसरं नाव पाड्यावरच्याच कुणाचं तरी येईल असं मुलं म्हणतात. नाही आलं, तर सोमवारी मतदान होणार नाही, आणि ते का झालं नाही एवढंच मी त्या तासाला शिकवीन."