बस येण्याआधीचे आभार

दोन्ही हात छातीशी जोडायचे, मान जराशी डावीकडं कलती करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "विषय घेतलाय मी." झालं, जमला तुम्हाला. आमच्या हायस्कूलचा मुख्यमंत्री एवढाच होता. बाकी सगळा युनिफॉर्म. तुमच्या शाळेतपण असला एक असणारच, आठवून बघा राव.

जुन्नरच्या आमच्या शाळेत दरवर्षी पावसाळ्यात शालेय मंत्रिमंडळ निवडायचे. दहावीतला एक मुख्यमंत्री, मग आरोग्यमंत्री, सहलमंत्री, पाणीमंत्री. मला सांस्कृतिक खातं दिलं, कारण मी सगळ्या सरांच्या नकला करायचो आणि मंत्री केला की हे पोरगं गप बसेल असं सरांना वाटलं. मुख्यमंत्रिसाहेबांचे वडील पुढच्या निवडणुकीला उभे राहणार होते. त्यामुळं मतदानाच्या आदल्या दिवशी आख्ख्या शाळेला वडापाव आले आणि दुसऱ्या दिवशी शाळेनं लोकशाही पाळली.

शपथ घ्यायला गडी जाकीट घालून आला. भर पावसाळ्यात, युनिफॉर्मवर. हेडसर म्हणाले काढ ते. तर म्हणतो, "सर, फोटोपुरतं."

मुलींच्या संडासाला कडी नाही? विषय घेतला. आठवी ब चा पंखा फिरत नाही? विषय घेतला. ह्यानं इतके विषय घेतले की दप्तरात वह्यांना जागा उरली नसेल. सुटला मात्र एकही नाही.

सहल भीमाशंकरला गेली तेव्हा हा ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्यावरच्या शेळ्यांनापण हात दाखवत होता. दर्शनाच्या रांगेत पुढं जाऊन तिथल्या माणसाला म्हणाला, मी मुख्यमंत्री आहे. त्यानं विचारलं, कुठला? ह्यानं शाळेचं नाव सांगितलं. त्यानं दंडाला धरून रांगेच्या शेपटाला आणून सोडलं. आमच्याजवळ पोचेपर्यंत ह्याचं भाषण तयार: "मीच म्हटलं, जनतेबरोबर थांबू."

मंत्रिमंडळात काम करणारी एकच होती, पाणीमंत्री निर्मला. डिंगोऱ्याच्या पुढं उसात त्यांची वस्ती. रोज सकाळी शिडी चढून टाकीत डोकावायची, मगच वर्गात यायची. गणपतीनंतर दहावीचे जादा तास सुरू झाले आणि शाळा साडेपाचला सुटायला लागली. डिंगोऱ्याची शेवटची बस पाचला. दिवस लहान होत चाललेला, पुढची वाट उसातनं, आणि आमच्याकडं उसात बिबट्या असतो हे काय सांगायला नको. बाकीच्या पोरींना घरचं कोणीतरी गाडीवर न्यायला यायचं. हिच्याकडं तसं कोणी नव्हतं. तिच्या बापानं सरळ सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बसचं बघ, न्हाईतर घरी बस.

तिनं ते मिटिंगमध्ये मांडलं. "बस पाऊण तास उशिरा सोडा, एवढंच म्हणायचंय. न्हाईतर दिवाळीनंतर माझी शाळा बंद."

साहेबांनी मान कलती केली. बाकीचं तुम्हाला येतंय आता.

आमच्या भागात कुठल्याही ऑफिसात काम घेऊन जायचं तर आधी सत्कार करायची पद्धत. स्टँडसमोरच्या शेठच्या दुकानातून शाल घेतली, नारळ घेतला आणि आम्ही एसटीच्या साहेबांकडं गेलो. ते बिचारे जेवत होते. उष्ट्या हातानंच त्यांनी शाल घेतली, फोटो झाला, मग बसचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघतो." आता ऑफिसातला माणूस बघतो म्हणाला की काय समजायचं, हे जुन्नरपासून मंचरपर्यंत शेंबड्या पोराला कळतं. ह्याला तो होकार वाटला.

दुसऱ्याच दिवशी स्टँडवर हा मोठा बोर्ड. डिंगोरे बस उशिरा सोडल्याबद्दल हार्दिक आभार. वर वडील, खाली कोपऱ्यात एसटीचे साहेब, मधे हा, गॉगल लावून. आणि त्या बोर्डाखालून बस पाचला सुटली, रोजच्यासारखी.

निर्मला दोन पोरींना घेऊन पुन्हा ऑफिसात गेली. एसटीच्या साहेबांनी खिडकीतून बोर्ड दाखवला. अगं, तुमचेच लोक आभार मानून गेले, म्हणजे काम झालेलंच असणार. हेडसरांकडं गेली तर हेडसर म्हणाले, वाचला मी बोर्ड, अभिनंदन. आभार मानलेलं काम पुन्हा मागायचं कसं, हे कुणालाच कळेना.

शेवटी तिनं ह्यालाच मधल्या सुट्टीत गाठलं. बोर्ड काढ आणि चल माझ्याबरोबर, म्हणाली.

"आत्ता बोर्ड काढला तर वडलांचं नाव जातं. जरा थांब ना."

"मी थांबते रे. बाबा थांबत न्हाईत."

दिवाळीनंतर ती आली नाही. ह्यानं आठवड्याच्या आत नवीन पाणीमंत्री नेमला, शपथेसकट. त्या पाणीमंत्र्यानं टाकीत एकदापण डोकावलं नाही. मी तेव्हा ह्याची नक्कल रोज करायचो, आणि हा समोर बसून टाळ्या वाजवायचा. त्याला तो मान वाटायचा. इथं माझी कला थकली.

निर्मलाचा दहावीच्या परीक्षेचा फॉर्म आधीच भरला होता, त्यामुळं तिचं हॉलतिकीट शाळेत आलं. न्यायला कोणी फिरकलं नाही. पहिल्या पेपरच्या दिवशी साहेबांचापण पत्ता नव्हता. पार घंटा व्हायच्या वेळेला वडलांच्या पिकअपमधून उतरला. शर्ट बाहेर, केस विस्कटलेले, चप्पल मातीनं भरलेली. आम्ही विचारलं, कुठं होता रे? भाषण न करता सरळ वर्गात शिरला. वर्षात पहिल्यांदा.

ते आम्हाला नंतर पिकअपच्या ड्रायव्हरनं सांगितलं. हा सकाळीच तिचं हॉलतिकीट मागून घेऊन डिंगोऱ्याच्या पुढं तिच्या वस्तीवर गेला होता. ती रानात कांदा काढत होती, आईबापाबरोबर. बाप मान वर न करता काढत राहिला. हा बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी आणलीय. चल."

ती उठली नाही. हातातल्या कांद्याची माती झटकत तिनं विचारलं, "कसला पेपर हाय आज?"

"मराठीचा."

"सोपा असतोय," ती म्हणाली. "जा तू, तुला उशीर व्हईल."

आणि पुढच्या वाफ्याकडं सरकली.