तिसऱ्यांचं पाणी

आक्का गेल्याचा फोन लालबागहून सकाळी आला, तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे तिच्या शेजारच्या वहिनी रडत होत्या. मी ‘हो... निघतो’ म्हणालो आणि मनात पहिला शब्द आला तो ‘सुटलो’. आता सांगणारं कुणी उरलं नाही. आईमागे जिने मला वाढवलं त्या थोरल्या बहिणीबद्दल मला एवढंच वाटलं. महिनाभर लोक तिच्या हातच्या चवीचे गोडवे गातायत. मला ते ऐकवत नाहीत.

आक्काचं प्रेम हुकमी होतं. कुर्ल्यांचा रस्सा सर्दीवर, कालवं ताकदीला, खुबे हाडांना आणि तिसऱ्या, त्या छोट्या शिंपल्या, रक्ताला. विळीवर तिसऱ्या चिरताना ती जणू दवाखाना चालवायची, आणि ‘नको’ म्हणणारा तिच्या लेखी कृतघ्न. माझी बायको नीता नायगावची. लहानपणी कोलंबी खाऊन तिचं अंग सुजलं होतं, तेव्हापासून कवचातलं काहीही तिला वर्ज्य. ‘‘दर्याकाठची माणसां आणि शिंपल्याक भियतत!’’ आक्का पंगतीत सगळ्यांसमोर म्हणायची. लोक हसायचे. मीही हसायचो.

मुलगा झाल्यावर नीताचं रक्त फार कमी झालं. तेव्हा आम्ही लालबागला आक्काकडेच राहायचो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आक्काने त्या कपाटावर ठेवून दिल्या. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती तिसऱ्या उकडलेलं करडं पाणी नीताच्या कुळथाच्या पिठीत ओतत होती. ‘‘आक्का, तिला चालत नाही...’’

‘‘गप रव. मांस खंय घातलंय? नुसतां पाणी तां. औषध.’’ आणि तिने ताट माझ्या हातात दिलं. ‘‘ने.’’

मी नेलं. नीताने विचारलं, ‘‘कसली रे पिठी? वेगळा वास येतोय.’’ मी म्हणालो, ‘‘कुळथाचीच. खा गरम गरम.’’

दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, घसा दाटला. टॅक्सीत ती माझा शर्ट मुठीत धरून श्वास ओढत होती. इंजेक्शनने वाचली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय आलं? कुणी दिलं? मी खिशात टॅक्सीचे पैसे चाचपायला लागलो. आक्का पुढे झाली. ‘‘तिसऱ्यांचां पाणी. मियां घातलंय. तेका काय एक म्हायत नाय.’’ डॉक्टर म्हणाले, शिंपल्यांत लोह असतं हे खरं, पण ज्याला बाधतं त्याला पाणीही विष.

हा तिचा मोठेपणा असं कुणाला वाटेल. तसा तो होताही. त्याची किंमतही तिने मोजली, पण नंतर वसुलीही केली. नीता तिच्याशी पुन्हा बोलली नाही. बारशाला आक्का चांदीची वाटी घेऊन नायगावला गेली, तर सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. मी आत पाळण्याला फुलं बांधत होतो. त्यानंतर आक्काच्या कुठल्याही हट्टाला मी ‘नाही’ म्हणायला लागलो की ती हळूच विचारायची, ‘‘सांगू काय तिका?’’ अठरा वर्षं मी तिचा द्वेष केला. तिचा की स्वतःचा, हे तपासायची हिंमत नव्हती.

सांगणारं कुणी उरलं नव्हतं, तरी गेल्या रविवारी मीच नीताला सगळं सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली.

‘‘ताट तू आणलं होतंस, ते मला आठवतंय,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुला ठाऊक नसेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. तुझ्यासोबत राहायचं होतं ना.’’

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर करून थांबवलं.

‘‘माझं मी बघेन. आधी आईला फोन लाव. तिने आक्कांना दारातून हाकललं होतं. तिला सांग, कोणाला हाकलायला हवं होतं.’’

फोन लावला. सासूबाई ‘‘बोला, जावईबापू’’ म्हणाल्या... आणि माझी अठरा वर्षांची सवय अशी की मी फोन कानाला धरून उभा राहिलो, माझ्या वतीने आक्का बोलेल याची वाट बघत.