सुजाताला सांगावं की नाही

नगरच्या त्या दवाखान्यात मॅडमनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "वैशालीताई, तुम्हाला ऑटिझम आहे. लहानपणापासून आहे. आत्ता कळलं, एवढंच."

पूर्ण नाव ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला अजून पटलेला नाही. मी स्वतःत मग्न कधीच नव्हते. उलट समोरच्याला आपल्याकडून काय हवंय हे ओळखण्यातच माझा अर्धा जन्म गेला. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं ते असं: मेंदूची घडणच वेगळी असते. आवाज, उजेड, स्पर्श जास्त जाणवतात. इतर लोक न बोलता जे समजून घेतात, ते आम्हाला बोलून सांगावं लागतं. हा रोग नाही, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्न येत नाही आणि गोळीही नाही.

माझी चाळिशी उलटली आहे. सोनईला माझी रक्त तपासायची लॅब आहे. रिपोर्ट हातात पडला की लोक पहिला प्रश्न विचारतात, "बरं व्हईल ना?" मी विचारलं, "हे लोकांना सांगावं लागतं का?"

"सक्ती काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणाला, कधी, किती सांगायचं ते तुमच्या हातात. फक्त आधी स्वतःला विचारा, सांगून मला काय हवंय?"

याचं उत्तर शोधावं लागलं नाही. मला माझी नणंद परत हवी होती.

सुजाता म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, धाकटी बहीण. कोल्हारला दिली आहे. तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. म्हणजे शरीरातलं रक्त मशीनमधून स्वच्छ करून परत आत सोडतात. त्यांना नगरला नेणं-आणणं माझ्याकडेच होतं. पुढे त्या तिथल्या दवाखान्यातच गेल्या, तेव्हा जवळ मी होते.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका भेटायला येतात, त्याची एक रीत आहे. दारातूनच मोठ्यानं रडणं सुरू होतं. घरातली बाई पुढे होते, दोघी गळ्यात गळा घालून "कशी गं सोडून गेली" म्हणत रडतात. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणतं, तोंडं धुतली जातात, चहा होतो, कांद्याच्या भावावर बोलणंही होतं. मग दुसऱ्या गावची जीप दारात लागते आणि पुन्हा पहिल्यापासून. यात खोटं काही नाही. बायकांची मनं त्यानं हलकी होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला मात्र ते येत नाही. ओला गाल गालाला लागला, कानाशी हंबरडा फुटला की माझं अंग लाकूड होतं. त्या दिवसांत मी सारखी चहाचं आधण ठेवायला पळत होते.

सुजाता दवाखान्यात पोचली होती, पण आत्या गेल्यानंतर. तिथं तिच्याशी धड कोणी बोललं नाही. घरी आल्यावर बायकांच्या गर्दीत ती माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, असं कसं वो झालं? कशी गेली माझी आई?"

मी म्हणाले, "पोटॅशियम वाढलं होतं. फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शेवटी हृदय बंद पडलं."

सुजातानं माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. मागून कोणीतरी म्हणालं, "सून हाय का डॉक्टरीन?"

बौद्ध रीतीनं जलदान विधी झाला आणि ती निघून गेली. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती दरवर्षी यायची, पांढरी साडी नेसून माझ्या शेजारी मिरवणुकीत चालायची. त्या वर्षी आली नाही. मिलिंदला फोनवर म्हणाली, "माझं माहेर आईबरोबर गेलं. वहिनीच्या डोळ्याला पानी न्हाई आलं, दादा."

माझं दुखणं त्यानंतर वर आलं. मी बोलेनाशी झाले. शब्द डोक्यात असायचे, तोंडात येत नसत. मिक्सरचा आवाज सहन होईना. लॅबचं शटर उघडायला जायचे आणि किल्ली तशीच घेऊन परत यायचे. आधी मी माझंच रक्त तपासलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व, सगळं नॉर्मल. मशीन बिघडलंय की काय म्हणून पुन्हा तपासलं. नेवाशाचे आमचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "तुमचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे. आता मनाच्या डॉक्टरला दाखवा."

मग नगरच्या खेपा. एसटी स्टँडवर हल्ली अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो. दवाखान्यातली ट्यूबलाईट गुणगुणायची. बाकीच्यांना ती ऐकूच येत नव्हती. आधी मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, त्यांनी मॅडमकडे पाठवलं. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता बोलून आणि चाचण्या घेऊन निदान करणाऱ्या. त्यांनी माझ्या आईलाही बोलावलं. आई म्हणाली, "लहानपनी नवा फ्रॉक घातला की दिवसभर रडायची. आमी म्हनायचो, लई नाटकी पोरगी हाय." हे सांगताना आईचा चेहरा पडला. मॅडमनी तिला चहा मागवला.

माझं बोलणं बंद होतं, त्याला शटडाऊन म्हणतात. सोसण्यापलीकडे गेलं की मेंदू दार लावून घेतो. "पण एवढी वर्षं हे झालं नाही, मग आत्ताच का?" असं मी विचारलं. मॅडमनी उलट विचारलं, "घरात तुम्हाला कोण सांभाळून घ्यायचं?"

मी म्हणाले, आत्या. आणि मग सांगत सुटले. लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना बजावलं होतं, "हिला चार मान्सांत बसवू नका, हिला कामाकडं द्या." लग्नकार्यात मला भांड्यांच्या खोलीची किल्ली मिळायची. पाहुण्या आल्या की आत्या म्हणायच्या, "सूनबाईंचं डोकं धरलंय." माझं डोकं कधीच धरलेलं नसायचं. मी त्याला सासूचा खाष्टपणा समजत होते, सुनेला मिरवू देत नाहीत म्हणून. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या मला कळलं की त्या बाईनं माझ्याभोवती कुंपण घातलं होतं. मला आत्यांची इतकी आठवण आली की छाती दुखायला लागली. डोळे कोरडेच होते.

आता सांगावं की नाही. मिलिंदला सांगावं लागलंच नाही, तो बरोबरच होता. त्यानं एवढंच विचारलं, "मग तू आता वेगळी वागनार का?" मी म्हटलं, "नाही. आधीपासून जशी वागते तशीच." तो म्हणाला, "मग झालं तर." पण बाहेर सांगायला त्याचा विरोध होता. "गावात एकदा शिक्का बसला की धुऊन निघत न्हाई. उद्या लोक म्हनतील, मेंदूचं दुखनं हाय, हिच्या लॅबमधी रक्त कशाला द्यायचं? आन् सुजाताला तर नकोच. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

त्याचं खोटं नव्हतं. लॅबमध्ये बसून मी बघते ना. शुगर निघाली तर माणूस पारावर बसून सगळ्यांना आकडा सांगतो. टीबी निघाला तर रिपोर्ट पिशवीत, पिशवी शर्टात. दुखणं दोन्हीकडे आहे, पण एक सांगण्यासारखं आणि एक लपवण्यासारखं, हे गावानं ठरवलेलं. माझं कोणत्या खान्यात पडणार हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून आधी माझ्या मावसबहिणीला सांगून पाहिलं. ती शिक्षिका आहे, समजून घेईल असं वाटलं. तिनं समजून घेतलं, फारच घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलते, जसं काही मला ऐकू कमी येतं. "वै-शा-ली, जे-व-लीस का?" मी कानाला खडा लावला. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा, शिकलेला माणूस समजूतदार असतोच असं नाही.

पण सुजाताचं माझ्या मनातून जाईना. मिलिंद घरात बोलून दाखवत नव्हता, तरी बहीण तुटल्याचं त्याला लागलं होतं. मॅडमचा प्रश्न मी स्वतःला पुन्हा विचारला. मला तिची दया नको होती. आईवर माझी माया नव्हती, हे तिच्या मनातलं मला पुसायचं होतं. आणि ते दुसऱ्या कुठल्या कारणानं पुसलं जाणार नव्हतं. मी मिलिंदला म्हटलं, "मी कोल्हारला जाते." तो म्हणाला, "मी येऊ?" मी नको म्हटलं.

सुजाताच्या सासरी पेरूची बाग आहे. मनमाड रस्त्याला त्यांची पेरू विकायची पाटी असते, तिथंच ती बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, पण तोंडावर हसू नव्हतं. ट्रक मागून ट्रक जात होते. पाठ करून आणलेली वाक्यं माझ्या डोक्यातून उडून गेली.

"सुजाता, घरात बसू या का? गाड्यांच्या आवाजात मला बोलता येत नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पाटीवर गोणपाट टाकलं आणि मला घरी घेऊन गेली.

मी जे होतं ते सांगितलं. निदान, शटडाऊन, आईनं सांगितलेला फ्रॉक. ती खालमानेनं ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुमाला रडू आलंच न्हाई?"

इथं "आतून रडत होते" असं काही म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण खोटं बोलायला मी आले नव्हते.

"नाही आलं. अजून नाही आलं. पण आत्या गेल्यापासून मी वांगी आणलेली नाहीत. वांगी त्या चिरायच्या. मंडईत वांगी दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जाते."

सुजातानं मान वर केली. "आईला म्हाईत हुतं का, तुमचं हे?"

"नाव माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "वहिनी, मला कुनीच काय सांगितलं न्हाई. जो तो गळ्यात पडून रडला. आई शेवटाला काय बोलली, तिला लई तरास झाला का, मी कुनाला इचारू? तुमी हुता ना तिथं."

मग मी सांगितलं. सकाळी दम लागला, ऑक्सिजन लावला, तेव्हा त्रास झाला. नंतर गुंगी आली, तेव्हा नाही. मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. आत्यांनी मला विचारलं, सुजाताला कळवलं का. मी म्हटलं, ती निघाली आहे. तर म्हणाल्या, "तिला म्हनावं दमानं ये. त्या रस्त्याला गाड्या लई." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

सुजातानं तोंडावर हात धरला. "हे तुमी तवाच का न्हाई सांगितलं?"

"आई कशी गेली ते तू विचारलंस. काय म्हणाली ते विचारलं नव्हतंस."

ती रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला. माझ्याकडे झेपावली आणि मधेच थांबली. "धरू का?" मी म्हटलं, "हात धर." तिनं हात धरला आणि पोटभर रडली. मी तशीच बसून राहिले. मला ते जड गेलं नाही.

एवढ्यात तिची सासू आत आली, काय झालं म्हणून. सुजाता म्हणाली, "काय न्हाई, आईचं बोलत हुतो." तीळ भिजला म्हणायचा.

आता हे मी छापायला देते आहे म्हणजे लॅबच्या दारापर्यंत जाईलच. जाऊ दे. मिलिंदनं वाचून पाहिलं आणि परत दिलं, एक शब्द खोडला नाही. तुम्ही सांगावं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मॅडमचे, आत्यांचे आणि कोल्हारच्या त्या घराचे उपकार मात्र मी विसरणार नाही.

मला दिवसाला मोजकीच माणसं झेपतात हे कळल्यापासून सुजाता निघायच्या आधी फोन करते. "वहिनी, येऊ का आज? का तुमची आजची मान्सं भरली?" कधी मी ये म्हणते, कधी नको म्हणते. नको म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी येते.