एनिडचं पिवळं दार

चर्चच्या वेदीवरच्या कापडाची एक बाजू इस्त्री झाली होती, दुसरी अजून ओलसर होती, तेवढ्यात समोरच्या घरातले होरेस टिडमार्श मागच्या दाराने आत आले. टोपी हातात, नखांत हिरव्या रंगाच्या खपल्या. त्यांची बायको एनिड रविवारी गेली. आज संध्याकाळी तिला शेवटचं घरी आणणार आणि उद्या सकाळी तिथूनच चर्चमध्ये नेणार.

"मर्सी, पोरी, तिला पिवळा हवा होता तो नक्की कुठला गं?"

मी इस्त्री उभी करून ठेवली.

थॉर्कम नावाच्या आमच्या तिन्ही गावांत मोठ्या घराच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याच्या, मालकीची जेवढी घरं, तेवढ्या सगळ्यांची दारं एकाच हिरव्या रंगाची. दार बघितलं की घर कुणाचं ते कळायचं. ती दारं रंगवण्यात होरेसचं आयुष्य गेलं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं. रंग स्वतः मिसळायचे आणि थेंब सांडला तर दुखणाईताचं तोंड पुसावं तसा टिपून घ्यायचे. "एनिड, जास्त वेळ एका जागी उभी राहू नकोस, हिरवी होशील," असं लोक तिला चिडवायचे.

एनिडला मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून पिवळं दार हवं होतं. होरेस म्हणायचे, "दार आपलं नाही, मोठ्या घराचं आहे. कारभारी हो म्हणाले तर बघू."

पुढे मोठं घर विकलं गेलं, आमची घरं आमच्या नावावर झाली. कारभाऱ्यांच्या कचेरीत आता सहलीला आलेल्यांना चहा-केक मिळतो. कुणी दार लाल केलं, कुणी निळं, शेजारच्या पर्सीने तर जांभळं. होरेस मात्र दर वसंतात आपलं दार पुन्हा हिरवंच रंगवायचे.

"आता कुणाला विचारायचं राहिलंय?" एनिड म्हणायची.

"तसं अजून कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणायचे.

सांगणारं कुणी उरलंच नव्हतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात कधी शिरलं नाही. चर्चमध्ये फुलं लावताना एनिड हसून मला म्हणायची, "देवाने मला एवढा धीर दिला तो सगळा त्या दारातच खर्च झाला बघ."

"उद्यापर्यंत होईल का?" मी विचारलं.

"कुठलं होतंय! हिरव्यावर पिवळा धरत नाही. इतक्या वर्षांचे थर खरवडायचे, मग अस्तर, मग दोन हात. या दमट हवेत आठवडा जाईल." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "आठवडाच लागणार होता, मर्सी. कुठलाही आठवडा चालला असता."

मी चहाची किटली ठेवली.

"त्या हिरव्या दारातून मात्र मी तिला बाहेर काढणार नाही. दारच उतरवून ठेवलंय."

मी खिडकीतून बघितलं. खरंच, समोर नुसती चौकट होती, आतला जिना रस्त्यावरून दिसत होता. फाटकाशी उभ्या असलेल्या पर्सीने होरेसना खिडकीत बघितलं आणि तो ओरडला, "काय रे होरेस, दार विकून खाल्लंस की काय?"

"रंगवायला काढलंय!"

"पुन्हा हिरवं?"

"पिवळं."

पर्सीने टोपी काढली. मग म्हणाला, "रात्री गार वारा येईल. माझ्याकडे जाड पडदा आहे, घेऊन येतो," आणि गेला.

"कुठला पिवळा, ते सांग," होरेस पुन्हा म्हणाले.

"माझ्या कस्टर्डचा. भुकटीचं नव्हे, अंड्यांचं करते त्याचा. दर वेळी वाडगा उजेडात धरून म्हणायची, हा बघ माझ्या दाराचा रंग."

"ते मी कधी खाल्लं नाही."

"हो, तेही सांगायची."

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "करशील थोडं? डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला रंग मिसळता येत नाही."

कापड अर्धंच राहिलं आहे. प्रभू समजून घेईल. घरात एकही अंडं नाही. कोंबड्या पाळणाऱ्या पोकॉकबाईंकडे अंडी आणायला जाते.