ब्रशची तपासणी आणि काविळीची माळ

नागपूरच्या डॉक्टरनं तपासणीचा फोटो उजेडासमोर धरला. म्हणला, "बाबा, आजींच्या पित्ताच्या नळीत अडथळा आहे. कशाचा, ते आतलं काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." यशोदा, माही बायको, बाजूच्या खुर्चीवर हात खाजवत बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे.

आम्ही बालाघाट जिल्ह्यातले, वारासिवनीकडचे. मी चौथी शिकलो, धानाच्या मिलमध्ये जन्म गेला. येते तसं लिहितो. तुमच्या घरी असं झालं तर माही चूक करू नका.

महिनाभर तिच्या अंगाले खाज होती. मग लघवी काळपट झाली. बालाघाटले सोनोग्राफी केली, तिथून नागपूरले धाडलं.

नागपूरले ईआरसीपी केली. म्हणजे तोंडातून दुर्बीण आतड्यात नेतात आणि तिथून पित्ताच्या नळीत शिरतात. आत बारीक ब्रश घासून पेशी घेतल्या, त्याले ब्रश सायटोलॉजी म्हणतात. त्याच वेळी स्टेंट टाकला. म्हणजे प्लास्टिकची नळी, तुंबलेलं पित्त वाहून जायले.

रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून होतो. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाही असं आलं, तसे मी हात जोडले. डॉक्टर हसला नाही.

"ब्रश वरवर खरवडतो. कॅन्सरच्या पेशी हाती लागल्या नाहीत, एवढाच याचा अर्थ; कॅन्सर नाहीच असं नाही. आता चिमट्यानं तुकडा घेऊ, ती फोर्सेप्स बायोप्सी. आणि ईयूएस करू, म्हणजे आतूनच सोनोग्राफी करून अडथळ्याच्या जागच्या गाठीत सुई घालू. मिळून जास्त कळतं."

सुई ऐकूनच मी भेलो. आमच्याकडे म्हणतात, गाठीले सुई लागली की ती पसरते. खरं काय, ते डॉक्टरले विचारलंसुद्धा नाही. नाही म्हणलं, तपासणी नको अशा कागदावर सही केली आणि तिले घरी आणलं.

लामता गावच्या जाणत्या वैदूनं दोऱ्यात बांधलेल्या काड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत खाली येते, तशी कावीळ उतरते म्हणतात. काही दिवसांत माळ गळ्यात आली, मग छातीवर. डोळे पांढरे झाले. खाज गेली. मी गावभर सांगत सुटलो, नागपूरवाले उगाच भेव दाखवतात. पिवळेपण स्टेंटनं काढलं होतं. काड्या वाळून आकसल्या म्हणून दोरा सैल झाला होता. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात तिले थंडी वाजून ताप आला. स्टेंट तुंबला होता. डोळे पुन्हा पिवळे. पुन्हा नागपूर. या वेळी मी हो म्हणून सही केली.

चिमटा आणि सुई दोन्ही झालं. दुसऱ्या दिवशी ती उठून चहा पेली. चिमट्याच्या तुकड्यात नुसती शंका आली. सुईनं घेतलेल्यात कॅन्सर साफ दिसला. तोवर तो लिव्हरमध्ये गेला होता.

मी विचारलं, सुईनं पसरला काय? डॉक्टर म्हणला, "सुईनं पसरण्याचा धोका फार थोडा असतो, बाबा. आजी घरी होत्या तेव्हाच, सुईच्या आधीच, तो पसरला." पहिल्यांदाच केलं असतं तर वाचली असती काय, हे मात्र तो सांगू शकला नाही.

वॉर्डात तिच्याजवळ बसून मी रडलो. म्हणलं, मी भेलतो.

"मले मालूम होतं," ती म्हणली. "तुमाले भेव होता. मी तं तयार होती. मले कोनी इचारलंच नाही."

दिवाळीच्या आधी गेली. त्या डॉक्टरचे उपकारच आहेत. माह्यासारख्याले त्यानं दोनदा समजावलं, एकदाही खेकसला नाही.

ब्रशचा रिपोर्ट चांगला आला तर लगेच पेढे वाटू नका. पेशी पुरेशा मिळाल्या काय, आणखी कोणत्या रस्त्यानं घेता येतात, ते विचारा. आणि ज्याच्या पोटात सुई जाणार आहे, त्याले आधी विचारा. मी सारा जन्म तिच्या हातचं खाल्लं, अन् एवढं एक तिले विचारलं नाही.